ध्रुवाजवळच्या समुद्रात किती कार्बन पिकतो? बेळगावात बसून मॉडेल चालवायची रीत

मागच्या डिसेंबरात आमच्या गल्लीतली एक पोरगी लॅपटॉप काखेत मारून आली आणि म्हणाली, अक्का, समुद्रच गायब झालाय बघ की. एमएस्सीचा प्रोजेक्ट होता तिचा, फायटोप्लँक्टनचं, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं (यांनाच पुढं प्लवक म्हणते), प्रायमरी प्रॉडक्शन. कारवार-गोव्यासमोरच्या अरबी समुद्रावर पायथनचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला, मग सरांनी सांगितलं म्हणून तोच प्रोग्राम अंटार्क्टिकाकडं नेला तर अर्धा नकाशा पांढराफटक. मी बघितलं, हसले, कारण हे सगळं माझ्यावर आधी गुजरलंय. प्रोग्राम मोडलेला नव्हता. तो आपल्या अक्षांशावर वाढलेला होता एवढंच. बेळगावात दिवस वर्षभर ११ ते १३ तासांचा असतो, पाणी गरम, बर्फ नाही, नकाशावरचे चौकोन जवळपास सारख्या आकाराचे, त्यामुळं कोडमधल्या चार-पाच चुका इथं कधी कळतच नाहीत. ध्रुवाकडं गेलं की सगळ्या एकदम उघड्या पडतात. म्हणून हे लिहितेय, म्हणजे खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं कुणी पोरं असा प्रोजेक्ट घेत असतील तर त्यांचे दोन महिने वाचतील.

आधी मोजतोय काय ते

आमच्या आईला मी सांगितलं होतं ते असं. बांधावर गवत किती उभं आहे हे एक, आणि रोज किती वाढतंय हे दुसरं. म्हैस रोज चरत असली तर गवत बोटभरच दिसेल, पण वाढ भरपूर असू शकते. सॅटेलाइटला दिसतं ते उभं गवत, म्हणजे क्लोरोफिल, एक घनमीटर पाण्यात किती मिलिग्रॅम. आपल्याला पाहिजे ती वाढ, म्हणजे एका चौरस मीटर समुद्राखाली दिवसाला किती मिलिग्रॅम कार्बन बांधला गेला. अंटार्क्टिकात म्हशीच्या जागी क्रिल म्हणजे झिंग्यासारखे बारके प्राणी आहेत, बाकी गणित तेच. पृथ्वीवरच्या एकूण प्रायमरी प्रॉडक्शनचा साधारण निम्मा वाटा समुद्राचा आहे, त्यामुळं हे काही बारकं प्रकरण नाही.

बोटीवर हे मोजायची जुनी रीत म्हणजे कार्बन-१४. डेन्मार्कच्या स्टीमान निल्सननं १९५२ मध्ये ती मांडली, बाटलीतल्या पाण्यात किरणोत्सारी कार्बन घालायचा, उजेडात ठेवायचा आणि पेशींनी किती ओढला ते बघायचं. अजून पडताळणीला हीच मोजमापं वापरतात. पण बोट सगळीकडं जाऊ शकत नाही, म्हणून मॉडेल.

पायरी १: डेटा गोळा करा

पाच गोष्टी लागतात: क्लोरोफिल, समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान, झाडांना उपयोगी पडणारा उजेड ज्याला पार म्हणतात, समुद्रातल्या बर्फाची टक्केवारी, आणि दिवसाची लांबी. पहिल्या चार फुकट डाउनलोड होतात, पाचवी आपण काढायची. समुद्राच्या रंगाचा डेटा, ज्यावरून क्लोरोफिल काढतात, १९९७ पासून सलग मिळतो, सॅटेलाइटवरची यंत्रं तेवढी बदलत गेली, आधी सीविफ्स, मग २००२ पासून अ‍ॅक्वावरचा मोडिस, नंतर व्हिअर्स, आणि २०२४ मध्ये पेस. वेगवेगळ्या सॅटेलाइटचा डेटा स्वतः जोडायला जाऊ नका, युरोपच्या स्पेस एजन्सीनं जोडून ठेवलेला मिळतो, तो घ्या. नाहीतर मोडिस संपून व्हिअर्स सुरू झाला तिथं उडी दिसेल आणि तुम्ही त्याला हवामानबदल म्हणाल.

महिन्याची फाईल घेण्यापेक्षा आठ दिवसांची घ्या. का ते पुढं आकड्यात दाखवते. आणि आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तर प्रत्येक फाईल झाली की निकाल लगेच सेव्ह करा, शेवटी एकदम सेव्ह करायच्या भानगडीत पडू नका.

पायरी २: दिवसाची लांबी, पहिला खड्डा इथंच

सूर्य विषुववृत्तापासून किती अंश वर किंवा खाली आहे ते असं निघतं: २३.४५ गुणिले साइन, साइनच्या आत ३६० × (२८४ + वर्षातला कितवा दिवस) ÷ ३६५, हे अंशात. मग अक्षांशाचा टॅन गुणिले या कोनाचा टॅन, त्याला उणे चिन्ह लावा, त्याचा आर्ककोसाइन अंशात काढा, दुप्पट करा, १५ नं भागा. आले तास.

दक्षिण अक्षांश उणे घालायचा, हे विसरलं तर ६६ अंश दक्षिणेला १५ जानेवारीला २० तासांचा दिवस यायच्या ऐवजी ४ तासांचा येतो आणि ऐन उन्हाळ्यात तुमचं प्रॉडक्शन पाचपट पडतं. कोड एरर देत नाही, त्यामुळं कळतही नाही.

दुसरं, आपलं मैत्री स्टेशन ७० अंशाच्या थोडं पुढं दक्षिणेला आहे. त्याच दिवशी तिथला आकडा टाकला तर आर्ककोसाइनच्या आत उणे १.१२ च्या आसपास येतं, आणि उणे एकच्या खाली आर्ककोसाइन अस्तित्वातच नाही. नम्पाय, म्हणजे पायथनची गणिताची लायब्ररी, एरर देऊन थांबत नाही, ‘नॅन’ म्हणजे ‘आकडा नाही’ एवढंच देऊन पुढं जाते. त्या पोरीचा समुद्र इथंच गायब झाला होता, जिथं चोवीस तास ऊन आहे नेमका तोच भाग कोरा. उपाय एका ओळीचा: आतला आकडा उणे १ च्या खाली गेला तर उणे १ धरा, म्हणजे २४ तास, १ च्या वर गेला तर १ धरा, म्हणजे शून्य तास. बेळगावच्या अक्षांशाला हा आकडा वर्षभरात ०.१२ च्या पलीकडं जातच नाही, मग इथं कळणार कसं!

पायरी ३: सूत्र, एका चौकोनावर हातानं

सुरुवातीला व्हीजीपीएम घ्या. बेहरनफेल्ड आणि फाल्कोव्स्की यांचं १९९७ चं मॉडेल, जुनं आहे, ध्रुवावर त्याच्या मर्यादा आहेत, पण सगळे तुलना त्याच्याशीच करतात आणि कागदावर करता येतं. सूत्र असं:

प्रॉडक्शन = ०.६६१२५ × पीबी-ऑप्ट × (उजेड ÷ (उजेड + ४.१)) × उजेडी थराची खोली × क्लोरोफिल × दिवसाचे तास

पीबी-ऑप्ट म्हणजे एक मिलिग्रॅम क्लोरोफिल तासाला जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम कार्बन बांधू शकतं ते, आणि हे मॉडेल ते फक्त तापमानावरून ठरवतं. उजेडाचं एकक मोल प्रति चौरस मीटर प्रति दिवस.

उजेडी थर म्हणजे प्लवकांना पुरेल एवढा उजेड पोचतो तो वरचा थर, त्याची खोली क्लोरोफिलवरून निघते. क्लोरोफिल १ च्या खाली असेल तर ३८ × क्लोरोफिलचा ०.४२५ घात, १ किंवा जास्त असेल तर ४०.२ × ०.५०७ घात. हे झालं थरातलं एकूण क्लोरोफिल. मग ५६८.२ × त्या एकूणचा उणे ०.७४६ घात म्हणजे खोली मीटरमध्ये. पाणी फार नितळ असलं, म्हणजे खोली १०२ मीटरच्या वर जात असली, तर २०० × उणे ०.२९३ घात हे दुसरं सूत्र लागतं.

आता एक चौकोन घ्या. ६६ अंश दक्षिण, जानेवारीचा मध्य, पाणी शून्य अंश, क्लोरोफिल १, उजेड ३०, दिवस २० तास. पीबी-ऑप्ट १.२९५६. उजेडाचा भाग ३० ÷ ३४.१ म्हणजे ०.८८. खोली ३६ मीटर. सगळं गुणलं की दिवसाला चौरस मीटरला सुमारे ५४५ मिलिग्रॅम कार्बन. हे कॅल्क्युलेटरवर करा, वहीत लिहा, आणि कोडमध्ये हाच चौकोन घालून तोच आकडा येतोय का बघा. हे न करता पुढं गेलात तर पुढच्या कुठल्याच नकाशावर विश्वास ठेवता येणार नाही.

मग क्लोरोफिल दुप्पट करून बघा, २ घाला. उत्तर १०९० येत नाही, ८३८ च्या आसपास येतं, कारण प्लवक वाढले की एकमेकांवर सावली पाडतात आणि उजेडी थर ३६ वरून २८ मीटरवर येतो. दाट लावलेल्या भातासारखंच. आणि ०.३ घातलं तर खोली ५५ मीटर, उत्तर २५०.

आठ दिवसांची फाईल का, ते आता कळेल. समजा अर्धा महिना ०.३ होतं आणि मग बर्फ हटून अर्धा महिना २ झालं. वेगवेगळं काढून सरासरी घेतली तर ५४४ (मघाशी आलेल्या आकड्याशी जुळतंय तो निव्वळ योगायोग). पण आधी क्लोरोफिलची सरासरी १.१५ काढून सूत्रात घातली तर ५९४. नऊ टक्के जास्त, काहीही न करता. आपल्याकडच्या समुद्रात महिन्याभरात एवढा फरक क्वचित पडतो, तिकडं बर्फ हटल्यावरचा बहर दोन-तीन आठवड्यांत येऊन जातोय.

पायरी ४: तापमानाची पायरी दोन्ही तऱ्हेनं चालवा

पीबी-ऑप्टचं मूळ सूत्र सात घातांचं बहुपद आहे. तापमान टी धरलं तर: १.२९५६ + ०.२७४९ टी + ०.०६१७ टी-वर्ग − ०.०२०५ टी-घन + ०.००२४६२ टी-चतुर्थ घात, आणि पुढं बारके सहगुणक, ते मूळ कोडमधनंच कॉपी करा, टाईप करायला जाऊ नका. उणे १ अंशाच्या खाली सरळ १.१३ धरतात. समुद्राचं पाणी गोठतं उणे १.८ ला, त्यामुळं हा १.१३ ध्रुवाजवळ सारखा लागतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे एप्लीच्या १९७२ च्या अभ्यासावर बेतलेली घातांकी वाढ: १.५४ × १० चा (०.०२७५ टी − ०.०७) घात. शून्य अंशाला दोन्ही जवळपास जुळतात, १.३० आणि १.३१. पण २ अंशाला एक १.९६ म्हणतं, दुसरं १.४९. चार अंशाला २.५८ विरुद्ध १.६९! पाणी नुसतं चार अंशांनी गरम झालं तर प्रॉडक्शन दुप्पट होतं की जेमतेम तीस टक्के वाढतं, हे तुम्ही कुठली ओळ निवडली त्यावर ठरतंय. म्हणून ध्रुवीय समुद्रात तापमानामुळं एवढं वाढलं, असं वाक्य रिपोर्टमध्ये लिहायच्या आधी दोन्ही चालवा, दोन्ही नकाशे शेजारी ठेवा.

आणि मला विचाराल तर तिकडं थंडी हा मुख्य अडसर नाहीच. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर पडून असतं आणि तरी प्लवक वाढत नाहीत, लोखंड कमी म्हणून. आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन लोकांबरोबर २००९ मध्ये लोहाफेक्स म्हणून प्रयोग केला होता, दक्षिण अटलांटिकात समुद्रात लोखंड सोडलं. बहर आला पण मोठा नाही, कारण तिथल्या पाण्यात सिलिका संपलेली, डायअ‍ॅटमना (सिलिकाचं कवच असलेले प्लवक) कवच करायला काही उरलेलं नाही, आणि जे वाढले ते बारक्या प्राण्यांनी चरून टाकले. नुसता युरिया टाकून पीक येत नाही हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. व्हीजीपीएमला लोखंड दिसत नाही, क्लोरोफिलमधनं जेवढं आडून कळेल तेवढंच.

पायरी ५: कोरे चौकोन

इथं जरा थांबा, माझा सगळ्यात जास्त वेळ इथंच गेलाय.

माझ्या प्रोजेक्टच्या वेळी मी काय केलं, नॅन आले की एरर येतंय म्हणून सगळीकडं शून्य भरून टाकलं. एक ओळ, फिलएनए शून्य. नकाशा छान आला, निळा-हिरवा. सरांना दाखवला. सर कणकुंबीकडचे, त्यांनी नकाशाकडं बघून एवढंच विचारलं, जुलैत आमच्या गावावर ढग असतात, सॅटेलाइटला शेत दिसत नाही, मग भात वाढत नाही काय गं? मी गप्प. मागचा सगळा महिना पाण्यात.

कोरा चौकोन तीन कारणांनी येतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

रात्र असेल, म्हणजे दिवसाचे तास शून्य, तर प्रॉडक्शन खरंच शून्य. तिथं शून्य भरा, बिनधास्त.

ढग असेल तर प्रॉडक्शन आहे, आपल्याला दिसत नाही. तिथं शून्य भरणं म्हणजे खोटं बोलणं. आधी शेजारच्या चौकोनांवरून भरा, नाहीच जमलं तर मागच्या आणि पुढच्या आठ दिवसांवरून, तेही नसेल तर त्या जागेच्या त्याच आठवड्याच्या अनेक वर्षांच्या सरासरीवरून. आणि कुठला चौकोन कशावरून भरला त्याचा वेगळा नकाशा ठेवा, शून्य-एक-दोन-तीन असा. तो नकाशा परीक्षेत तुम्हाला वाचवतो. सूर्य क्षितिजाजवळ असला की सॅटेलाइट रंग देतच नाही, तेही ढगासारखंच धरा, दिवस आहे पण दिसत नाही.

बर्फ असेल तर बर्फाची टक्केवारी काढा. साधारण रीत अशी की १५ टक्क्यांच्या खाली असेल तर उघडं पाणी धरतात. मधल्या भागात प्रॉडक्शनला उघड्या पाण्याच्या हिश्शानं गुणायचं, म्हणजे ४० टक्के बर्फ तर ०.६. पण हे लिहून ठेवा की तुमचा आकडा बर्फाखालचं धरत नाही. २०११ च्या जुलैत अलास्काजवळच्या चुकची समुद्रात बोट बर्फ फोडत आत गेली तर बर्फाखाली प्रचंड बहर सापडला, वरच्या वितळलेल्या डबक्यांमधनं उजेड झिरपत होता. तोवर बर्फाखाली अंधार म्हणून सगळे तिथं जवळजवळ शून्यच धरत होते. माझंच शून्य, फक्त मोठ्या लोकांचं.

बर्फाच्या कडेला लागून असलेला एक-दोन चौकोनांचा पट्टा मास्क करा, म्हणजे हिशेबातनं वगळा. बर्फ इतका चकाकतो की शेजारच्या पाण्याचा रंग बिघडतो आणि भलतंच क्लोरोफिल येतं. वाईट वाटतं, कारण खरा बहरही तिथंच असतो, पण मास्क करून मग शेजारून भरलेलं परवडतं.

पायरी ६: क्लोरोफिलच चुकीचं असेल तर

सॅटेलाइटच्या रंगावरून क्लोरोफिल काढायचं जागतिक सूत्र अंटार्क्टिकाच्या बाजूला क्लोरोफिल कमी दाखवतं, बऱ्याचदा खऱ्याच्या निम्म्याच्या आसपास. आर्क्टिकमध्ये उलटं, तिथं ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी अशा मोठ्या नद्या चहासारखं तपकिरी पाणी आणून ओततात आणि सॅटेलाइटला ते क्लोरोफिल वाटतं. दोन्हीकडं त्या-त्या भागासाठी काढलेली सूत्रं आहेत, ती वापरा. नाही मिळालं तर निदान दोन वेळा चालवा, एकदा आहे तसं, एकदा दक्षिणेचं क्लोरोफिल दुप्पट करून. मघाच्या चौकोनावरून कळलंच असेल की उत्तर दुप्पट नाही, साधारण दीडपट होतंय.

अजून एक, आर्क्टिकमध्ये उन्हाळ्यात वरच्या थरातलं नायट्रेट संपलं की प्लवक २०-३० मीटर खाली जाऊन दाटी करतात. सॅटेलाइटला वरचं पाणी रिकामं दिसतं. याला व्हीजीपीएमकडं काही उत्तर नाही, पुढची पायरी लागते.

पायरी ७: खोलीप्रमाणे मॉडेल, ज्यांना जमेल त्यांनी

समुद्र एक-एक मीटरच्या थरात कापा, दिवस तासातासात. प्रत्येक थरात उजेड घातांकी घटतो, वरचा उजेड × ई चा (− के × खोली) घात, के म्हणजे पाण्यात उजेड किती झपाट्यानं घटतो तो आकडा. मग उजेड आणि प्रकाशसंश्लेषणाचं नातं लावा: कमाल दर × टॅनएच (आल्फा × उजेड ÷ कमाल दर). गिरणीत दळण टाकल्यासारखं आहे, थोडं टाकलं तर टाकाल तेवढं पीठ, पण एका हद्दीनंतर कितीही ओता, गिरण आपल्याच वेगानं दळणार. आल्फा म्हणजे सुरुवातीचा चढ, कमाल दर म्हणजे गिरणीची ताकद. ध्रुवावरचे प्लवक मंद उजेडाला सरावलेले असतात, कमाल दर लहान, थोड्याच उजेडात गिरण भरते. या दोन आकड्यांसाठी गोव्याच्या किनाऱ्यावरची मोजमापं घेऊ नका, ध्रुवीय मोहिमांचीच घ्या. क्लोरोफिलचा खोलीप्रमाणे आकारही इथं घालता येतो, म्हणजे ती खालची दाटी सुटत नाही. शेवटी सगळे थर, सगळे तास बेरीज. लॅपटॉप तापतो, रात्री लावून झोपा.

पायरी ८: बेरीज, आणि चौकोनांचं क्षेत्रफळ

४ किलोमीटरची फाईल म्हणतात ती ८६४० × ४३२० चौकोनांची असते, अंशात सारखी, जमिनीवर नाही. विषुववृत्तावर एक चौकोन सुमारे २१.५ चौरस किलोमीटर, ६६ अंशावर पावणेनऊ, ७५ अंशावर साडेपाच. नुसती सरासरी घेतली तर टोकाकडच्या चिमुकल्या चौकोनांनाही तेवढाच मान मिळतो. प्रत्येक चौकोन अक्षांशाच्या कोसाइननं गुणून मग बेरीज करा. बेळगावच्या अक्षांशाला हा कोसाइन ०.९६ आहे, म्हणून अरबी समुद्रात कुणाच्या लक्षात येत नाही.

उत्तर आलं की छापलेल्या आकड्यांशी लावून बघा. ५० अंश दक्षिणेच्या खालच्या महासागरासाठी अरिगो आणि मंडळींनी १९९७ ते २००६ च्या डेटावरून वर्षाला सुमारे १.९ अब्ज टन कार्बन काढलाय. आर्क्टिकसाठी १९९८ ते २०१८ मध्ये ५७ टक्के वाढ निघाली, आणि त्यात गंमत अशी की पहिली दहा वर्षं वाढ मुख्यतः बर्फ हटल्यामुळं, नंतरची प्लवकच दाट झाल्यामुळं. तुमचं उत्तर दक्षिणेला एक ते तीन अब्ज टनात असेल तर रस्ता बरोबर आहे. हजारपट चुकलं असेल तर मिलिग्रॅम-ग्रॅमची गडबड. निम्मं आलं असेल तर ढगात कुठंतरी शून्य भरलंय, पायरी ५ ला परत जा. बोटीवरच्या कार्बन-१४ शी तुलना करताना फरक लॉगमध्ये काढा, नाहीतर दोन-तीन मोठे बहर सगळा हिशेब खाऊन टाकतात.

त्या पोरीचा नकाशा जानेवारीत आला. आर्ककोसाइनची एक ओळ, शून्याच्या जागी ढग-बर्फ-रात्र असा तीन रंगांचा नकाशा, आणि कोसाइन. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रातला हिरवा डाग बघून तिची आई म्हणाली, एवढ्या थंडीत शेवाळ येतंय होय, आमच्या टाकीत तर उन्हाळ्यातच येतंय. मग तिघींनी चहा घेतला आणि पोरगी उजेडाच्या फाईलमध्ये अजून कुठं नॅन आहेत ते मोजत बसली.